मारवाडी घ्यावा, रेसची घोडी घ्यावी, की अजून घोडाच घेऊ नये?

प्रश्न : खारघरच्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. वय ३६, नोकरी बेलापूरला. गेली दोन वर्षं शनिवार-रविवार कर्जतच्या बाजूला एका रायडिंग स्कूलमध्ये शिकायला जातात, १० वर्षांची मुलगीपण सोबत शिकते. आता स्वतःचा घोडा घ्यायचाय. पैसे साठवलेत, नवऱ्याची ना नाही. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, इन्स्टाग्रामवर बघून मनात भरलेला ३ वर्षांचा काळाभोर मारवाडी कोल्ट (खच्ची न केलेला तरुण नर), तो डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारात येणार आहे. दुसरा, रेसमधून निवृत्त झालेली ५ वर्षांची थरोब्रेड घोडी, ओळखीतून जवळजवळ फुकट मिळतेय. तिसरा, रायडिंग स्कूलच्या सरांनी सुचवलेला १४ वर्षांचा काठियावाडी क्रॉस (मिश्र रक्ताचा) गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला नर, जो "दिसायला अगदीच साधा आहे आणि सरांचं त्यात कमिशन असणार असं मिस्टरांना वाटतं". ठेवायला सासरची शहापूरजवळची मोकळी जागा आहे, शेजारी म्हशींचा गोठा आहे त्यामुळे माणूसही मिळेल. ताईंचं वजन ६४ किलो, उंची पाच फूट दोन. डोंगरवाटांवर फिरायला आवडतं, जम्पिंगही करायचंय, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या झाल्यात. विचारतायत, "माझ्या रायडिंग स्टाइलला यातली कुठली ब्रीड सूट होईल?"

उत्तर :

ताई, तुम्ही ब्रीड या विषयावर जवळजवळ पानभर लिहिलंय आणि त्या तीन जनावरांबद्दल मिळून चार ओळी. मारवाडीचे कान, थरोब्रेडचा वेग, काठियावाडीचा काटकपणा, सगळं व्यवस्थित वाचलंय तुम्ही. पण त्या घोडीला रेसमधून का काढलं, त्या कोल्टवर आजपर्यंत कोण बसलंय, आणि तो चौदा वर्षांचा साधासुधा बाबा रस्त्यात मागून डंपर हॉर्न वाजवत आला तर काय करतो, हे पत्रात कुठेच नाही. नुसतं आडनाव ऐकून स्थळ पक्कं करावं तसं झालंय हे.

ब्रीडने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाहीये हां. पडतो की. पण पहिला घोडा घेताना तो फरक चौथ्या-पाचव्या नंबरला येतो, आधी स्वभाव, मग वय आणि ट्रेनिंग, मग पाय-खूर-तब्येत, मग आपली जागा आणि आपल्याकडचा वेळ, आणि यातून जे उरतात त्यांच्यात मग ब्रीड बघायची. माथेरानला जाऊन बघा ना, तिथे जे घोडे लाल मातीच्या चढ-उतारावर रोज अनोळखी माणसं पाठीवर घेऊन जातात त्यातले बरेचसे मिश्र रक्ताचे आहेत, कागद-बिगद काही नाही, आणि तरी ओरडणारी पोरं, माकडं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कशालाही बधत नाहीत. तुम्हाला डोंगरवाटांवर फिरायचंय म्हणता ना, मग त्यासाठी लागतो तो गुण हा आहे.

आता रायडिंग स्टाइल. दोन वर्षं, आठवड्यातून दोन दिवस, त्यातून पावसाळ्यातले बुडालेले आठवडे, परीक्षा, लग्नं, गणपती वजा करा. एवढ्यात स्टाइल तयार होत नाही, बैठक तयार होत असते, आणि ती होतेय हीच मोठी गोष्ट आहे. तुम्हाला फिरायलाही आवडतं, उडीही आवडते, म्हणजे अजून सगळंच आवडतंय, आणि ते छान आहे. पण ६० सेंटिमीटरची उडी कुठल्या घोड्यावर मारलीत? स्कूलच्याच ना? त्या घोड्याने तशा शेकडो उड्या मारल्यात, त्याला अंतर कळतं, तुम्ही थोड्या पुढे झुकलात किंवा लगाम ओढला गेला तरी तो सांभाळून घेतो. तीच उडी तुम्ही ज्याला काहीच येत नाही अशा घोड्यावर मारायला गेलात तर ते वेगळंच प्रकरण असतं. आणि खरं सांगायचं तर ६० सेंटिमीटर कुठलाही धडधाकट, साडेचौदा-पंधरा हातांचा घोडा मारतो (घोड्याच्या मापातला एक हात म्हणजे चार इंच), त्याला खास जम्पिंगची ब्रीड लागत नाही. एक मीटरच्या वर जायचं झालं की मग रक्त आणि बांधा यांचा विचार सुरू होतो, आणि तोवर तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असेल की उड्या मारायच्यात की जंगलात हिंडायचंय.

(जाता जाता, बरेच जण वॉर्मब्लडबद्दल, म्हणजे युरोपात स्पर्धांसाठी तयार केलेल्या घोड्यांबद्दल विचारतात, विशेषतः २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या टीमने ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) गोल्ड घेतल्यापासून. ते घोडे युरोपातले आणि आपले रायडरही तिथे राहून वर्षानुवर्षं तयार झालेले. पहिला घोडा म्हणून आपल्याकडे तो विचार सोडून द्या.)

मारवाडीबद्दल आधी बोलते कारण तुमचं मन तिथे आहे हे दिसतंच आहे. घोडा देखणा आहे यात वाद नाही, आत वळून टोकाला टोक लावणारे ते कान, उंच मान, १४ ते १६ हातांपर्यंतची उंची. तापट नाही म्हणणार मी, पण संवेदनशील, पटकन पेटणारा, आणि एकदा माणूस आपला मानला की जीव लावणारा. रेवाल, म्हणजे त्याची ती धक्के न देणारी उपजत चाल, चांगली असेल तर लांबच्या रपेटीला त्याच्यासारखं सुख नाही, पाठ हलतच नाही म्हणा ना. पण गंमत अशी की तुम्ही स्कूलमध्ये दुडकीवर (ट्रॉटवर) उठणं-बसणं शिकलात, रेवालीवर त्याचा उपयोग नाही, तिथे उठायला काही झटकाच मिळत नाही. मग काही ट्रेनर ती चाल मोडून त्याला साध्या ट्रॉटवर आणायला बघतात, आणि घोडाही गोंधळतो आणि बसणाराही. मारवाडी घ्यायचा तर तो काय म्हणून चालवणार हे आधी ठरवायला पाहिजे.

पण खरी काळजी मला ब्रीडची नाही, बाजाराची आणि वयाची आहे. सारंगखेडा म्हणजे तापीकाठची एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीच्या सुमारास भरते, आणि बघायला तर जाच, मुलीलाही न्या. फक्त तिथे किंमत कशाची होते ते लक्षात घ्या. रंगाची होते, पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, नुकरा (पूर्ण पांढरा) आहे का. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची होते, शुभ मानलेला देवमण आहे की कुठला अशुभ भोवरा आहे. कानांची होते, उंचीची होते, आणि नाचाची होते. लग्नाची वरात, मिरवणूक, शो, ब्रीडिंग यासाठी घेणाऱ्यांचा तो बाजार आहे आणि त्यांच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण बेलापूरला नोकरी करणारी बाई शनिवारी येऊन खोगीर टाकेल तेव्हा हा शांत उभा राहील का, या गुणाला तिथे कोणी वेगळे पैसे देत नाही, त्यामुळे तो दाखवायचाही कोणाला उत्साह नसतो. तुम्ही लिहिलंय की तो रीलमध्ये "ढोलावर काय सुंदर नाचतो". ताई, तो जागच्या जागी पाय आपटायला आणि पुढचे पाय उचलायला शिकलाय. मैदानात तो हेच करेल तेव्हा त्याला नाच म्हणत नाहीत, आणि तुम्ही वर असाल. तोंडात काय घातलंय तेही जवळून बघा, काटेरी लगाम कायद्याने बंद आहेत तरी अजून दिसतात, आणि तसल्या लगामावर तयार केलेल्या घोड्याचं तोंड एकतर दगड झालेलं असतं किंवा हात हलला तरी तो घाबरून मान झटकतो.

मजेची गोष्ट म्हणजे काळा रंग मारवाडवाल्यांमध्ये पूर्वापार अशुभ मानला गेलाय, आणि आता रील्समुळे काळ्यालाच मागणी. रंगावर जाऊच नका, कुठल्याच बाजूने.

आणि वय. तीन वर्षांच्या घोड्याची हाडं अजून पूर्ण भरलेली नसतात, पाठीच्या कण्याची वाढ तर साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. म्हणजे उड्या तर सोडाच, रोज तास-तासभर वजन घ्यायलाही तो तयार नाही. त्यात तो कोल्ट, खच्ची न केलेला. शेजारून घोडी गेली की त्याचं लक्ष कुठे असेल सांगायला नको. "आम्ही दोघं एकत्र शिकू" हे तुमचं वाक्य वाचायला फार गोड आहे, पण घोड्याला शिकवायला निदान एकाला तरी येत असावं लागतं. आत्ता तुमच्या चुका स्कूलचा घोडा पोटात घालतो. कच्चा घोडा त्या चुका शिकतो, आणि मग त्या तुम्हाला परत करतो.

थरोब्रेड घोडीचं वेगळं आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मग पावसाळ्यात पुण्याचा, आणि प्रत्येक सीझन संपला की ज्यांच्यात वेग उरला नाही अशा घोड्यांना घर शोधणं सुरू होतं. त्यांना चांगली घरं मिळावीत असं मलाही मनापासून वाटतं. काही फार छान निघतात, मुंबई-पुण्याच्या कितीतरी रायडिंग स्कूल्स त्यांच्यावरच चालतात. पण एक लक्षात घ्या की या घोडीला दीड-दोन वर्षांची असल्यापासून एकच गोष्ट शिकवलीय. लगामावर दाब आला, त्याला टेकायचं आणि पळायचं. तुम्ही घाबरून लगाम घट्ट धराल आणि ती त्याचा अर्थ "चल" असा घेईल, तिची त्यात काही चूक नाही. पायाने दिलेले इशारे तिला माहीत नसतात, कारण जॉकी आखूड रिकिबीत उभा असतो, त्याचे पाय तिच्या पोटाला लागतच नाहीत. उभं राहून कोणी शांतपणे चढतंय हेही तिला नवीन, रेसमध्ये चालत्या घोडीवर जॉकीला उचलून बसवतात. या सगळ्याचं री-ट्रेनिंग होतं, पण ते जाणत्या माणसाने करायचं काम आहे, त्याला महिने लागतात, आणि सुरुवातीचे काही महिने तर तिला नुसतं चरायला सोडायला लागतं, रेसच्या घोड्यांना पोटात अल्सर फार असतात, ते भरायला वेळ जातो. पायाच्या मागच्या शिरा, म्हणजे टेंडन, तिथे हात लावून कोणी जाणत्याने बघितलंय का? फुकटची घोडी लंगडी निघाली की तिचा महिन्याचा खर्च धडधाकट घोड्यापेक्षा जास्तच असतो. शिवाय आपल्या दमट हवेत काही थरोब्रेड्सचं घाम येणंच बंद होतं, एप्रिल-मेमध्ये धापा टाकत उभे राहतात. ही घोडी गेल्या उन्हाळ्यात मुंबईत होती का आणि घामाने भिजत होती का, एवढं तरी नक्की विचारा.

राहिला तिसरा, दिसायला साधा. मला पत्रात तोच सगळ्यात जास्त आवडला, आणि तुम्ही त्याला दीड ओळ दिलीत. चौदा वर्षं म्हणजे म्हातारा नव्हे. घोडा नीट ठेवला तर २५-३० वर्षं जगतो, आणि हलकं काम अठरा-वीसपर्यंत आरामात करतो. गेल्डिंग, म्हणजे नराचा माज नाही, घोडी माजावर आल्यावरचे मूड नाहीत. काठियावाडी रक्त म्हणजे उन्हाला काटक, खायला कमी आणि बांधा आटोपशीर, पाच फूट दोनच्या बाईला आणि १० वर्षांच्या मुलीला दोघींनाही जमेल अशी उंची असण्याची शक्यता जास्त. आणि मुख्य म्हणजे त्याने जग बघितलंय. पण हेही मी कागदावरच बोलतेय, मी त्याला बघितलेलं नाही. चौदाव्या वर्षी सांधे धरलेले असू शकतात, दात झिजलेले असू शकतात, तो शांत आहे की नुसता दुखण्याने गप्प आहे हे बघायलाच लागेल.

सरांच्या कमिशनचं म्हणाल तर असू शकेल की. आपल्याकडे घोड्याच्या व्यवहारात मधला माणूस घेतोच, सारंगखेड्यातही घेतील, फक्त तिथे तुम्हाला कळणार नाही. सरळ विचारून टाका, "सर, यात तुमचं काय ठरलंय?" जो सर चिडेल त्याच्याकडून घोडा घेऊ नका, जो हसून आकडा सांगेल त्याच्याशी पुढे बोला. आणि हे विसरू नका की तुम्ही कशा बसता हे दोन वर्षं बघणारा माणूस तोच आहे, इन्स्टाग्रामवाल्याने तुम्हाला एकदाही घोड्यावर बघितलेलं नाही.

वजनाचा हिशोब इथेच सांगून टाकते कारण घोडबंदर रोड, डोंबिवली, पनवेल सगळीकडून हा प्रश्न येतो. बसणारा अधिक खोगीर-सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत ठेवायचं. तुम्ही ६४ आणि सामान ८ धरलं तर ७२ किलो, म्हणजे ३६० किलोच्या खालचा घोडा नको आणि ४०० च्या पुढे असला तर उत्तम. हे भरल्या बांध्याच्या काठियावाडीला आणि मारवाडीलाही बसतं. मात्र मिस्टर ९२ किलोचे आहेत आणि "कधीतरी तेही बसतील" असं लिहिलंय तुम्ही, तर १०० किलोला ५०० किलोचा घोडा लागेल, आणि तो या तिघांत बहुतेक कोणीच नाही. त्यांना गाजर भरवू दे.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही एकच वाक्य लिहिलंय तिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. शहापूरची जागा.

जागा आहे म्हणजे पागा आहे असं होत नाही. घोडा कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला तर तो खंगतो किंवा वेडेवाकडे चाळे लागतात त्याला, लाकूड चावत बसतो, जागच्या जागी डुलत राहतो. सोमवार ते शुक्रवार तो तिथे एकटा काय करणार? गोठ्यावरचा गडी म्हशींचा चांगला असेल, पण घोड्याचं पोट म्हशीसारखं नसतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे बुरशी लागलेला चारा, अचानक बदललेला खुराक, कोणीतरी प्रेमाने घातलेलं शिळं अन्न, यातलं काहीही पोटशूळ उठवू शकतं आणि तो काही तासांत जीवावर बेततो. रात्री अकराला घोडा लोळायला लागला, परत परत वळून पोटाकडे बघायला लागला, तर शहापूरला घोड्याचा डॉक्टर किती वेळात येईल? परळच्या बैल-घोडा हॉस्पिटलपर्यंत न्यायला रात्री गाडी कोण देईल? हे आधी ठरवून ठेवायचे प्रश्न आहेत, त्या रात्री फोन लावत बसायचे नाहीत.

आणि तो शेजारचा गोठा तुम्हाला सोय वाटतोय, मला तोच नकोसा वाटतोय. गाई-म्हशींच्या पोटात एक जंत असतो, त्यांना त्याचा काही विशेष त्रास नसतो, पण डास ते पिल्लू-जंत घोड्यात नेऊन सोडतात आणि घोड्यात ते वाट चुकून मणक्यातल्या मज्जारज्जूत शिरतात. मग मागचे पाय लुळे पडायला लागतात, घोडा मागून झोकांड्या खातो. याला कुमरी म्हणतात, आणि आपल्या दमट, डासांच्या पट्ट्यात जनावरांच्या गोठ्याशेजारी घोडा बांधणाऱ्याने हे नाव पाठच करावं. दुसरा सर्रा, तो चावऱ्या माश्यांमधून पसरतो, ताप येतो-जातो, पायावर सूज, घोडा झिजत जातो. दोन्हींवर औषधं आहेत, पण वेळेत ओळखणारा हवा.

मग पाऊस. मारवाड कोरडा, काठियावाड कोरडा, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही सगळा चार महिन्यांत. खुराच्या तळाला मधे जो मऊ त्रिकोणी भाग असतो तो चिखलात सडायला लागतो, काळा घाण वास येतो, तिकडे लक्ष नाही दिलं तर घोडा लंगडतो. पाठीवर ओलीने खपल्या धरतात. म्हणजे चार महिने कोरडी, उंचावरची, निचरा होणारी जमीन पाहिजे, रोज खूर साफ करणारा, खरारा करणारा माणूस पाहिजे, आणि दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद पाहिजे. बैलांना पत्री मारणारा नाही, घोड्याचा नालबंद. तो एका घोड्यासाठी शहापूरला येईल का, विचारून बघा.

म्हणून जागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे, निदान पहिली दोन-तीन वर्षं घोडा जिथे बाकी घोडे आहेत, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा माणूस) आहे, डॉक्टर येतो-जातो अशा ठिकाणीच ठेवा, तुमच्या स्कूलमध्ये किंवा पनवेल-कर्जत पट्ट्यात जिथे लिव्हरी, म्हणजे पैसे देऊन घोडा ठेवायची सोय, मिळेल तिथे. महाग पडेल. पण घोडा किती चालवता येईल यापेक्षा तो महिन्याला किती सोसवेल हा आकडा आधी मिस्टरांबरोबर बसून काढा, भाडं, खुराक, नालबंद, जंताचं औषध, धनुर्वाताची लस, दातांची घासणी, आणि अचानकच्या डॉक्टरसाठी वेगळी बाजूला टाकलेली रक्कम. ४०० किलोच्या घोड्याला रोज सहा-आठ किलो तरी नुसता कोरडा चारा लागतो, खुराक वेगळा, आणि तो रविवार-बिविवार बघत नाही.

आणि आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. तिन्हींपैकी एक घ्यायलाच पाहिजे का? मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. बारगीर काही कमी लढत नव्हता. तुम्ही एक वर्षभर बारगीर व्हा. हाफ लीज म्हणतात तेच, घोडा मालकाचा, तुम्ही खर्चाचा अर्धा वाटा द्यायचा आणि ठरलेले दिवस तो तुमचा. नुसता बसायला नाही, खरारा, खूर, खाणं, आजारपण सगळं धरून. सरांनी सुचवलेल्या गेल्डिंगच्या मालकाला हेच विचारा, आत्ता हाफ लीज, आणि एक पूर्ण पावसाळा काढून दसऱ्याच्या सुमारास विकत घ्यायचं की नाही ते ठरवायचं, आणि किंमत आत्ताच लिहून ठेवायची. बरेच मालक तयार होतात, चौदा वर्षांच्या घोड्याला ग्राहक रांग लावून उभे नसतात.

यात तुम्हाला दोन गोष्टी कळतील. जुलैच्या शनिवारी सकाळी धो धो पावसात, बसायला मिळणार नाही हे माहीत असताना, नुसते खूर धुवायला खारघरहून कर्जतला जावंसं वाटतं का. आणि मुलीचं काय होतं. १० वर्षांची आहे ती, बाराव्या वर्षी तिला फुटबॉल आवडायला लागलं तर काय, याचा विचार पत्रात नाही. तीन वर्षांचा कोल्ट आज घेतलात तर तो तुमच्या साठीपर्यंत तुमच्याबरोबर असू शकतो, हे मी घाबरवायला सांगत नाही, साधं वजाबाकीचं गणित आहे.

मालक लीजला नाहीच म्हणाला आणि थेट खरेदी करायची वेळ आली, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची आली, तर काही गोष्टी सोडू नका. न सांगता जा, म्हणजे घोडा आधीच दमवून ठेवलेला नसतो. त्याला पागेतून बाहेर काढताना, बांधताना, खोगीर टाकताना बघा, तिथेच अर्धं कळतं. आधी विकणाऱ्याने बसून दाखवायचं, मग तुमच्या सरांनी, मग तुम्ही, आणि मुलीने सगळ्यात शेवटी. मैदानात चांगला चालला की रस्त्यावर न्या, एकटा न्या, बाकी घोड्यांपासून दूर जायला तयार होतो का बघा. दुसऱ्या दिवशी परत जा. डॉक्टर तुमचा, विकणाऱ्याचा नाही. तो दातावरून वय बघेल, हृदय-डोळे बघेल, एकेक पाय दुमडून धरून लगेच पळवून बघेल, आणि त्याच दिवशी रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा, वेदनाशामक देऊन लंगडणं झाकलेलं असेल तर ते नंतरही सापडतं. ग्लँडर्सची टेस्ट निगेटिव्ह असल्याचा ताजा कागद हातात आल्याशिवाय घोडा हलवू नका, यात चालढकल नको, हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह जनावर कायद्याने मारावं लागतं. जत्रेतून आणलेल्या घोड्याला तर बाकी घोड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळाच बांधायला लागतो, त्याची सोय कुठे आहे?

एवढं सगळं करून वर्षभराने तुम्ही मला लिहिलंत की ताई, अजूनही मारवाडीच हवा, तर मी खुशाल घ्या म्हणेन, फक्त सात-आठ वर्षांचा, खच्ची केलेला, आणि कुणातरी बाईने रोज चालवलेला शोधा. असे असतात. रील्समध्ये दिसत नाहीत एवढंच. आणि मुलीसाठी वेगळा बघायची वेळ आलीच तर भीमथडीचाही विचार करा, भीमेच्या खोऱ्यातला आपलाच घोडा, धनगरांबरोबर वर्षानुवर्षं ओझी घेऊन डोंगर चढलेला, उंचीला लहान आणि पायाचा पक्का, आता त्याला वेगळी ब्रीड म्हणून मान्यताही मिळालीय.

या शनिवारी सरांना कमिशनचं विचारा आणि त्या गेल्डिंगवर मुलीला नाही, आधी स्वतःला बसवा, लगाम सैल सोडून नुसतं चालत फाटकाबाहेर जाऊन परत या. आणि हेल्मेट मुलीला मोठं होईल म्हणून एक साइज वरचं घेतलंय असं लिहिलंय ना, ते लगेच बदला, सैल हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही.